डुकराचे पाय

थळात कुठलीही वस्तू गुपचूप विकत घेता येत नाही. अलिबागेहून साधी छत्री आणली, तरी एस. टी.तून खाली पाय ठेवायच्या आत कुणीतरी विचारतंच, "छत्री आणलीत वाटतं? केवढ्याला पडली?" आणि किंमत सांगितली की समोरचा माणूस नुसता "अरेरे" म्हणतो. त्या एका "अरेरे"त छत्री, दुकानदार, आपली अक्कल आणि आपलं घराणं असं सगळं येऊन जातं. मला तर मोटारीचे टायर घ्यायचे होते. तेही पाच. त्यामुळे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत आमच्या ओटीवर जी परिषद भरली, तिचा चहा करता करता आमच्या सौभाग्यवतींनी दुधाचा रतीब वाढवला.

आधी गाडीचं सांगतो. गाडी माझी नाही. पुसतो मी, ढकलतो मी, तिच्यापायी घरात बोलणी खातो मी. पण गाडी मामांची. १९६१ सालची फियाट अकराशे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. मामांनी ती १९६६ साली मुंबईच्या एका पारशी गृहस्थांकडून घेतली. त्या काळी नवी गाडी नोंदवली तर ती दारात यायला वर्षंच्या वर्षं जात, आणि 'पारशानं वापरलेली गाडी' ही नव्या गाडीच्याही वरची जात मानली जाई. पारशी म्हणे गाडीला बायकोपेक्षा जपतो. मामांनी गाडीबरोबर ही सवयही विकत घेतली, असं मामीचं म्हणणं आहे.

या गाडीचं कागदावरचं नाव काहीही असो, लोकांनी तिला एकच नाव दिलं: डुक्कर फियाट. पुढून पाहिलं की नाव ठेवणाऱ्याची नजर कळते. गोल अंग, वर आलेलं नाक आणि दोन्हीकडे फुगलेले गाल. पुढची दारं उलटी, म्हणजे बिजागऱ्या मागं आणि मूठ पुढं. त्यामुळे नऊवारीतल्या बाईला तिच्यातून महाराणीसारखं उतरता येतं. गियरचा दांडा स्टिअरिंगच्या बुंध्याला. हिच्या पाठोपाठ कुर्ल्यातूनच जी बाहेर पडली, तिचं नाव पुढं पद्मिनी झालं. थोरली डुक्कर आणि धाकटी पद्मिनी! आमच्या नात्यात एका घरी असंच झालंय, पण ते जाऊ द्या.

मामा २००९ साली गेले. गाडी वाडीतल्या झापांच्या शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्यांनी मागची सीट घेतली. बँकेतून निवृत्त होऊन मी थळात कायमचा राहायला आलो तेव्हा मामीची शुगर, वाडीतल्या सुपाऱ्या आणि ही गाडी अशी तीन खाती माझ्याकडे वर्ग झाली. पहिली दोन फायद्यात नसली तरी चालू होती. तिसऱ्यात मी तीन वर्षं पैसे ओतले. इंजिन फिरलं, ब्रेक लागायला लागले, आर. टी. ओ.त जाऊन नोंदणीचं नूतनीकरणही करून आलो. इंजिनाचा आवाज ऐकून मामी ओटीवर आली, थोडा वेळ उभी राहिली, आणि म्हणाली, "मला एकदा मांडव्याला ने. गाड्या बोटीत चढतात म्हणे. ते बघायचंय मला."

तिचं बरोबर होतं. मांडवा ते भाऊचा धक्का ही गाड्या नेणारी रो-रो बोट २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली, आणि थळातून मांडवा हाकेच्या अंतरावर असूनही मामीनं ती पाहिलेली नव्हती. मामांच्या वेळी गाडी मुंबईहून आणायची म्हणजे सगळी खाडी वळसा घालून यावं लागे. वाशीचा पूल १९७३ सालचा. त्याआधी ठाणे, मुंब्रा, पनवेल, पेण, वडखळ करत करत सकाळी निघालेली माणसं दिवेलागणीला थळात पोचायची. त्या वाटेवर मामीनं आयुष्यातले किती तास काढले असतील याचा हिशोब तिच्या कंबरेपाशी आहे.

तर मांडवा. अंतर फार नाही. पण टायरांना मे महिन्यातल्या भाताच्या खाचराला पडतात तशा भेगा पडलेल्या. डिकीतली स्टेपनी तर हात लावला की भुगा होत होती. (स्टेपनी हा शब्द मी जन्मभर इंग्रजी समजत होतो. इंग्रज तो वापरतच नाहीत. १९०४ साली वेल्समधल्या लानेल्ली नावाच्या गावी स्टेपनी स्ट्रीटवर जादा चाक बनवणारी कंपनी निघाली, त्या रस्त्याचं नाव आपण अजून डिकीत घालून हिंडतो.) म्हणजे पाच नवे टायर आले. आणि पहिल्याच दुकानात पहिलाच प्रश्न आला: "रेडियल देऊ की नायलॉन?"

हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही हे मला तेव्हा कळलं नाही. मी "चांगला द्या" म्हणालो.

नायलॉन म्हणजे जुन्या पद्धतीचा टायर. पुस्तकात त्याला क्रॉस-प्लाय की बायस-प्लाय असं काहीतरी म्हणतात, पण दुकानात तुम्ही तसं म्हणालात तर दुकानदार तुम्हांला बसायला स्टूल देतो आणि स्वतः आत निघून जातो. त्यातून आमचं माप पडलं पाच वीस चौदा. म्हणजे टायरची रुंदी पाच पूर्णांक वीस इंच आणि रिम चौदा इंची. हेच माप पद्मिनीचं. मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर हा टायर कोथिंबिरीसारखा मिळत असे. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उठली आणि आमच्यासारखी उरलीसुरली मंडळी पोरकी झाली.

एका दुकानदारानं बराच विचार करून एक टायर खाली काढला. झकास, जाडजूड, नायलॉनचा. बाजूवर इंग्रजीत ए. डी. व्ही. अशी अक्षरं. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "ॲनिमल ड्रॉन व्हेइकल. जनावरानं ओढायच्या गाडीचा टायर आहे. तुमची गाडी कुठली?"

"डुक्कर," मी म्हणालो.

"मग चालेल की!"

माप जमलं नाही म्हणून वाचलो. मुंबईतल्या दुसऱ्या एकानं मात्र अगदी नव्या वेष्टनातले पाच नायलॉन काढले आणि किंमत अशी सांगितली की मी नकळत "अरेरे" म्हणालो. पण टायरच्या अंगावर एक लांबट चौकट असते आणि तिच्यात चार आकडे असतात, हे मी तोवर शिकलो होतो. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. यांच्यावर होतं २३०९. म्हणजे २००९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरताही रबर म्हातारं होतं, टणक होतं, आतून फाटतं. मामा गेले त्या वर्षीचे टायर मामांच्या गाडीला घालायचे, हे मला दोन्ही अर्थांनी बरं वाटेना. मी निघालो तेव्हा दुकानदार म्हणाला, "साहेब, विंटेज गाडीला विंटेज टायर!"

इकडे ओटीवर पक्ष पडले होते.

रेडियल पक्षाचे पुढारी आमचे शेजारी. थळच्या खत कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. यांना कुठलीही गोष्ट समजावून सांगायची असली की कागद लागतो, आणि कागद म्हणून माझा त्या दिवशीचा न वाचलेला पेपर लागतो. त्यांनी अग्रलेखावर एक टायर काढला.

"हे बघा, टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. आत दोऱ्यांचं कापड असतं. तुमच्या नायलॉनच्या टायरात हे दोरे तिरके असतात. एक थर असा, त्यावर दुसरा थर तसा. आपल्या सुंभाच्या खाटेची वीण बघा. आता खाटेच्या एका कडेला बसलं की काय होतं? सगळी खाट वाकडी होते. टायरचंही तेच. बाजू दबली की तळ वळवळला. तळ वळवळला की झिजला, तापला, पेट्रोल खाल्लं."

"आणि रेडियल?"

"रेडियल म्हणजे बैलगाडीचं चाक!" ते विजयी मुद्रेनं म्हणाले. मला पुन्हा त्या ए. डी. व्ही.ची आठवण झाली. "दोरे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे, आऱ्यांच्या दिशेनं. आणि वरून तळाखाली पोलादी तारांचा पट्टा, म्हणजे चाकाची धाव. बाजू हवी तेवढी दबू दे, तळ जमिनीला सपाट चिकटलेला. वळणावर पकड, पावसात पकड, आयुष्य जास्त."

हे मला पटलं. मग मी विचारलं, यात खोट काहीच नाही का? ते प्रामाणिक गृहस्थ आहेत. थोडा वेळ पेपरकडे पाहून म्हणाले, "आहे. उभ्या गाडीत चाक वळवताना स्टिअरिंग जड लागेल. बाजू पातळ असते. आपल्या गल्लीत जांभ्याच्या गडग्याला घासली तर कापेल. आणि पकड जास्त म्हणजे वळणावर सगळा जोर जुन्या सांध्यांवर आणि रिमवर येणार. ही गाडी घसरणाऱ्या टायरांच्या हिशोबानं केलेली आहे. साठ वर्षांच्या माणसाला अचानक चांगले बूट दिले तर गुडघे बोलतात, तसं." हे बोलताना त्यांचा हात स्वतःच्या गुडघ्यावर होता.

नायलॉन पक्षाचे पुढारी नाखवा. थळच्या बंदरात त्यांची बोट आहे आणि बोटीच्या दोन्ही अंगांना धक्क्यावर आपटू नये म्हणून जुने टायर टांगलेले आहेत. टायरकडे नाखवा फक्त त्या नजरेनं पाहतात.

"जल्लं ते तुमचं रेडियल!" ते म्हणाले. "आत तार असते त्याच्या. एकदा रबर कापलं, खारं पाणी आत गेलं, की तार गंजली. फुगली. बाहेर आली. हात फाडते. नायलॉनला काय नाय होत. माझा एक धा वर्सं लटकतोय."

"नाखवा, मला गाडीला लावायचेत, बोटीला नाही."

"आज गाडीला. उद्या बोटीलाच येनार ना?"

याला उत्तर नव्हतं. समुद्रावरच्या गावात लोक कुठल्याही वस्तूचा शेवट आधी बघतात.

तिसरा पक्ष तडजोडवाल्यांचा. अलिबागच्या एका दुकानदारानं सुचवलं, नायलॉन दोनच मिळतायत ना, मग दोन नायलॉन घ्या, दोन रेडियल घ्या. मला हे बँकेतल्या सवयीनं एकदम पसंत पडलं. इंजिनियरसाहेब मात्र खुर्चीतून उठले. एकाच आसावर एक रेडियल आणि एक नायलॉन तर कधीच नाही. आणि पुढं रेडियल, मागं नायलॉन लावलेत तर वळणावर पुढचं धरून राहील, मागचं सुटेल, आणि डुक्कर शेपटीच्या बाजूनं रस्त्याबाहेर जाईल. अगदीच जीवावर बेतलं तर रेडियल मागं. पण ते नकोच. पुढं एक धोरण आणि मागं दुसरं, हे पंचायतीत चालतं.

नाक्यावर पंक्चर काढणारा गडी केरळचा. त्याला मी त्रयस्थ म्हणून विचारलं. तो चाक पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. "रेडियल पन पंक्चर होते, नायलॉन पन पंक्चर होते," तो म्हणाला, "पैसा सेम." एवढं निःपक्षपाती मत मला पुढं कुणाकडूनच मिळालं नाही.

पण खरा विरोधी पक्ष सात समुद्रापलीकडे होता. मामेभाऊ न्यू जर्सीला असतो. टायरांचे पैसे तो देणार होता, आणि त्याची अट एकच: सगळं ओरिजिनल पाहिजे. त्याच्या मनात गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करायची होती. २०२१ साली सरकारनं तसा नियम केला. पन्नास वर्षांवरची गाडी असेल तर वीस हजार रुपये फी, नव्या नंबरात व्ही. ए. अशी अक्षरं, मात्र मग ती रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच बाहेर. मामीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "माझंही असंच चाललंय. डॉक्टर आणि लग्नं."

भाऊ व्हिडिओवर म्हणाला, "नियमात स्पष्ट आहे. मूळ स्वरूपात पाहिजे."

मी नियम आणून वाचला. त्यात मोठे फेरफार नकोत म्हटलंय ते सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत. टायराचं नाव नाही. शिवाय मी तोवर अभ्यास करून ठेवला होता. रेडियल टायरचं पेटंट फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीनं घेतलं १९४६ साली. तीन वर्षांनी, १९४९ ला, तो बाजारात आला. आपली गाडी १९६१ ची. म्हणजे रेडियल हा डुकरापेक्षा वयानं पंधरा वर्षांनी वडील आहे!

"फ्रान्समध्ये," भाऊ म्हणाला. "भारतात?"

भारतात पहिला रेडियल जे. के.नं काढला तो १९७७ साली. मी गप्प बसलो. मग उसनं अवसान आणून म्हटलं, की टायरात आधी सुती दोरे असत, मग रेयॉनचे आले, मग नायलॉनचे. तुला नक्की कुठलं ओरिजिनल पाहिजे? कापसाचं पाहिजे असेल तर तसं सांग, वाडीत सावरी आहे.

तो हसला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "अरे, तो आवाज. सकाळी गाडी निघाली की तो धब् धब् धब् आवाज यायचा. चोंढीपर्यंत यायचा आणि मग थांबायचा. मी तिकडे आलो की मला तो ऐकायचाय."

या आवाजाचं कारण इंजिनियरसाहेबांनी मला आधीच अग्रलेखावर काढून दाखवलं होतं. नायलॉनचा टायर रात्रभर एका जागी उभा राहिला की टेकलेल्या जागी चपटा बसतो. दोरे थंड होताना तोच आकार धरून ठेवतात. सकाळी चाक फिरलं की तो चपटा भाग दर फेरीला जमिनीवर आपटतो. मैल दोन मैल गेल्यावर टायर तापतो, दोरे सैल होतात, चाक पुन्हा गोल होतं. म्हणजे तो आवाज ही टायरची खोड. पण हे त्याला कसं सांगायचं? २००९ साली विमान मिळून तो थळात पोचला, तेव्हा तिसरा दिवस होता. त्या आवाजापुढं माझा मिशेलिन काही उभा राहीना. मी म्हटलं, ठीक आहे, नायलॉन शोधतो.

मामी मागं ओटीवर वालाचं बिरडं सोलत बसली होती. तिनं फोन बंद होईपर्यंत वाट पाहिली.

"कसला आवाज रे?"

मी सांगितलं.

"त्याचं कौतुक?" बिरड्याची सालं तिनं बाजूला लोटली. "तुझे मामा म्हणायचे, गाडी अंग मोडून देतेय. अंग माझं मोडायचं! चाळीस वर्षं मी ते धबधब कंबरेत घेतलंय. रेडियल तेव्हाही मिळायला लागले होते. मी दोनदा म्हटलं यांना. तर म्हणे, टायरात पोलाद घालावं लागतं म्हणजे त्या रबरावर त्यांचाच भरवसा नाही."

"पण मामी, तो म्हणतो बाबांची आठवण…"

"बाबांची आठवण मी सांगते तुला. अडुसष्ट सालचा जुलै. पाऊस असा की खांदेरी दिसत नव्हती. मला कळा सुरू झाल्या. गाडी काढली. वरसोलीच्या अलीकडे फट्. टायर फुटला. नवा कुठला, रिमोल्ड केलेला. यांनी कधी नवा घेतलाय? डिकी उघडली. स्टेपनी काढली. तिच्यात हवा नाही. हे चिखलात उभे, हातात पंप, आणि मला म्हणतायत, जरा दम धर. मी दम धरीन हो, पोटातला धरेल का?"

"मग?"

"मग काय! एक बैलगाडीवाला निघाला होता अलिबागेला. त्यानं घातलं गोणपाट अंगावर आणि नेलं. लोखंडी धावेची गाडी. हवा भरायला नको, काही नको. पोचले वेळेवर." तिनं पातेलं जवळ ओढलं. "हा तिकडे ओरिजिनल ओरिजिनल करतोय ना, त्याला सांग, तुझी ओरिजिनल गाडी बैलगाडी. पैसे त्याचे असतील, पाठ माझी आहे. रेडियल घे."

परिषद बरखास्त झाली. इंजिनियरसाहेब पेढे घेऊन आले, जणू टायर त्यांना झाले होते.

अगदी बरोबरच्या मापाचे रेडियल मिळाले असं नाही. जवळचं माप घ्यावं लागलं. पाचही घेतले, चारावर स्टेपनी जुनीच ठेवायचा मोह आवरला. वरसोलीची गोष्ट ऐकल्यावर तो आवरावाच लागला. दुकानदार म्हणत होता, ट्यूबलेस आहेत, ट्यूब कशाला? पण आमची रिम त्या काळातली. ट्यूबलेस टायर जागेवर धरून ठेवायला रिमच्या आतल्या कडेला जो उंचवटा लागतो, तो तिला नाही. म्हणून रेडियलला चालणाऱ्या ट्यूबा आत घातल्या. टायर चढवले, हवा भरली, आणि मी लांबून बघितलं तर चारही खाली थोडे बसलेले. पोट सुटल्यासारखे. परत हवा भरायला निघालो, तर पंक्चरवाल्यानंच अडवलं. रेडियल असाच दिसतो. बाजू मऊ, म्हणून फुगीर दिसते. प्रेशर बरोबर आहे.

पाच जुने टायर नाखव्यांना दिले. त्यांनी एकेक उचलून, वास घेतल्यासारखं करून बघितला. "भेगा हायत," म्हणाले, "पन तार नाय." दोन बोटीच्या डाव्या अंगाला, दोन उजव्या अंगाला, आणि मामांची ती भुगा होणारी स्टेपनी नाळेवर. नाळेवरची महिन्याभरात गळून पडेल असं मला वाटलं होतं. बोट खांदेरीकडून परत येते तेव्हा मी अजून बघतो. आहे.

मार्चमध्ये एका सकाळी मामीला घेऊन निघालो. पुढच्या सीटवर ती, मागं आमच्या सौभाग्यवती, त्यांच्या मांडीवर थर्मास. उलटं दार लागलं. स्टिअरिंग वळवताना माझ्या खांद्यातून कळ गेली. इंजिनियरसाहेबांनी सांगितलं होतं ते खरं निघालं. पण गाडी रस्त्याला लागली ती तुपावरून घसरल्यासारखी. आवाज नाही, धब् नाही. मला स्वतःलाच चुकल्यासारखं वाटायला लागलं. मी मामीकडे पाहिलं. तिनं दाराची मूठ घट्ट धरली होती. गाडी मऊ चालली होती, हादरा नव्हता, तरी धरलेली. बोलायला जाणार तेवढ्यात आमच्या सौभाग्यवतींनी मागून माझ्या खांद्याला बोट लावलं. मी बोललो नाही. चोंढी आली. मामीनं मूठ सोडली, पदर सारखा केला आणि विचारलं, "थर्मासमध्ये चहाच आहे ना?"

मांडव्याला बोट लागलेली होती. तिच्या तोंडाची फळी खाली पडली आणि गाड्या एकामागून एक आत जाऊ लागल्या. मामी गाडीतच बसून बघत होती. एखादी मोठी गाडी चढली की म्हणायची, "बुडत कशी नाही?" एवढ्यात फोन वाजला. न्यू जर्सीला रात्र होती, पण त्याला आज आईची सफर बघायची होती. मी फोन फिरवून त्याला बोट दाखवली, आई दाखवली, मग गाडी दाखवली. नाक, गाल, पुढचं चाक, मागचं चाक. तो बराच वेळ बघत राहिला. त्याचा आवाज बदलला.

"वा! हे बघ. ओरिजिनल ते ओरिजिनल. नायलॉनची ऐटच वेगळी." मग जरा थांबून, मामांच्याच सुरात, "फक्त हवा कमी वाटते रे. चेक करून घे."

मी मामीकडे पाहिलं. ती थर्मासचं झाकण फिरवत होती.

"घेतो," मी म्हणालो.